चौदा ठिकाणं आणि एक समुद्र

ताई, सप्रेम नमस्कार.

वर्षातून दोन-तीनदा आम्ही चौघं (मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि सासूबाई) समुद्रकाठच्या एखाद्या शहरात दिवसभरासाठी जातो. सकाळी पोचायचं, रात्री परत, मुक्काम नाही. आणि दर वेळी परतताना कोणी ना कोणी कोणाशी तरी बोलत नसतं. नवऱ्याला जुन्या गल्ल्या, इमारती, संग्रहालयं बघायची असतात. तो आदल्या रात्री यादी करतो; मागच्या वेळी चौदा ठिकाणं होती. मला काहीच बघायचं नसतं. वाळूत बसायचं असतं, बास. मागच्या खेपेला भांडण नको म्हणून 'आधी समुद्र, मग शहर' असं ठरवलं. बाराच्या सुमारास किनाऱ्यावर पोचलो, तर वाळूचा जेमतेम पट्टा उरलेला आणि लाटा भिंतीवर आपटत होत्या. तरी लेक पाण्यात शिरलीच. मग ओल्या कपड्यांची पिशवी आणि वाळूने भरलेले पाय घेऊन संग्रहालय. तिथे सासूबाईंचे गुडघे बोलायला लागले, लेकीचे खांदे भाजलेले, आणि चौदापैकी चार ठिकाणं झाली म्हणून नवरा घुम्म. एका दिवसात दोन्ही होतं का? की एकदा शहर आणि एकदा समुद्र अशी वाटणी करून टाकावी? आणि 'मला काही बघायचं नाही' असं म्हणणं चूक आहे का?

— दोन डगरींवर पाय असलेली

ता. क. लेक दर वेळी पिशवीभर शंख-शिंपले घरी आणते. आणू द्यावेत का?

*

दोन्ही होतं. वाटणी नको.

तुम्ही चौघांनी आपापसात बरीच चर्चा केली असणार, पण पाचव्या गड्याला कोणी विचारलंच नाही, तो म्हणजे समुद्र. सकाळी दहाला जी जुनी इमारत जिथे असते, तिथेच ती दुपारी चारलाही असते. किनाऱ्याचं तसं नाही. तो दिवसातून दोनदा पसरतो आणि दोनदा आखडतो. म्हणून बेत आखताना समुद्राची वेळ आधी धरायची आणि उरलेल्या जागेत शहर बसवायचं. तुम्ही 'आधी समुद्र' ठरवलंत ते भांडण टाळायला. घड्याळ कोणी पाहिलंच नाही.

बाराला दिसलेला तो जेमतेम पट्टा म्हणजे पूर्ण भरती. तिची वेळ कितीतरी महिने आधी गणिताने काढून ठेवलेली असते आणि भरती-ओहोटीच्या तक्त्यात ती मिनिटांसकट मिळते. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीनंतर पुढची भरती साधारण 12 तास 25 मिनिटांनी येते, आणि मधोमध ओहोटी. चंद्रही पुढे सरकत असल्यामुळे हे सगळं चक्र रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा पडतं. आता गंमत बघा. सात दिवसांत हा उशीर जवळजवळ सहा तासांचा होतो. म्हणजे तुम्ही त्याच शहरात, त्याच वेळी, फक्त एका आठवड्याने गेला असतात, तर बाराच्या ठोक्याला भिंतीवर लाटा आपटण्याऐवजी लांबवर पसरलेली वाळू दिसली असती. एवढ्यावरून घरात अबोला धरायचा!

तक्ता बघताना दोन गोष्टी ध्यानात असू द्या. एक म्हणजे पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. ओहोटी ते भरती या सहा तासांचे सहा भाग केले, तर पहिल्या तासात एकूण चढायच्या पाण्याचा साधारण बारावा हिस्सा चढतो, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन, शेवटी एक. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांत येतं. चटई पसरून निवांत बसलेली माणसं अचानक चपला शोधत धावतात ती याच दोन तासांत. (मी धावले आहे. उजव्या पायातली चप्पल मिळाली.) दुसरी गोष्ट तिथीची. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं: भरती खूप वर, ओहोटी खूप खाली. अष्टमीच्या सुमारास भांगाचं पाणी, त्यात चढ-उतार कमी. लांबच लांब ओली वाळू हवी असेल तर उधाणाच्या दिवसांतली ओहोटी गाठावी. मात्र त्या दिवसांत भरती काही किनारे पार गिळून टाकते, हेही लक्षात ठेवावं. भूमध्य समुद्रासारख्या जवळपास बंदिस्त समुद्रांत भरती-ओहोटी जेमतेमच जाणवते. तिथे गेलात तर हा सगळा परिच्छेद विसरा.

ओहोटीच्या आधीचा दीड तास आणि नंतरचा दीड तास, हे तुमचे वाळूचे तीन तास. हे तीन तास दुपारी चार-पाचच्या आसपास येत असतील तर सोन्याहून पिवळं: सकाळ शहराची, संध्याकाळ समुद्राची. ओहोटी सकाळी आठ-नऊला असेल तर पोचल्या पोचल्या थेट वाळूवर जा, अंग धुवा, कपडे बदला आणि मग शहरात शिरा. सगळ्यात अडचणीची ओहोटी म्हणजे भर दुपारची. वाळू भरपूर, पण माथ्यावर सूर्य. तारीख तुमच्या हातात असेल तर सरळ तारीखच बदला. आपण सुट्टी बघतो, गाडी बघतो, हवामान बघतो. तक्ता तेवढा कोणी बघत नाही.

उन्हाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण लेकीचे खांदे. दिवस तापला की जमीन पाण्यापेक्षा लवकर गरम होते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा आत येते. दुपारचा तो सुखद वारा हाच. तो फसवतो. त्वचा भाजते ती अतिनील किरणांनी, आणि त्यांचा चटका आपल्याला जाणवत नाही; वाऱ्याने अंग गार लागतं आणि भाजणं चालूच राहतं. त्यात कोरडी वाळू सुमारे 15 टक्के अतिनील किरण परतवते आणि लाटांचा फेस सुमारे 25 टक्के. म्हणून छत्रीखाली बसलेला माणूसही संध्याकाळी लाल होतो. लेकीला एक सोपी खूण शिकवा: आपली सावली आपल्यापेक्षा आखूड दिसली की खांदे झाकायचे, ढग असले तरी. सनस्क्रीन एसपीएफ 30 किंवा त्याहून जास्त, उन्हात जायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी, मग दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. आणि हात आखडता घेऊ नका. डब्यावरचा आकडा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. मोठ्या माणसाच्या अख्ख्या अंगाला त्या हिशेबाने 30 मिलिलिटरच्या आसपास लागतं. आपण नाकाला ठिपका लावतो आणि आकड्यावर भरवसा ठेवतो. खरं तर पूर्ण बाह्यांचा सदरा सगळ्यात बरा. तो दर दोन तासांनी पुन्हा लावावा लागत नाही.

म्हणजे अकरा ते तीन हा वेळ छपराखालचा झाला. तो शहराला देऊन टाका.

आता तुमचे यजमान आणि त्यांची चौदा ठिकाणं. एक ना धड, भाराभर चिंध्या. पण त्यांच्यावर चिडू नका. मीसुद्धा यादीवाल्यांपैकीच. यादी करण्याचं सुख प्रवासाइतकंच मोठं असतं, ते त्यांना आदल्या रात्री पुरेपूर घेऊ द्या. सकाळी मात्र एवढंच विचारा: 'यातलं एकच ठिकाण बघून परत यायचं असेल तर कोणतं?' त्या एकाला घाई न करता वेळ द्या. ते संग्रहालय असेल तर तास-सव्वा तास पुरे. बॉस्टनच्या कलासंग्रहालयात काम करणाऱ्या बेंजामिन आइव्हस गिलमन यांनी 1916 साली 'म्युझियम फटीग' म्हणजे संग्रहालयाच्या थकव्यावर एक लेख लिहिला होता. पेटीतल्या वस्तू पाहताना माणसाला कसं वाकावं, ओणवं व्हावं लागतं, याचे फोटोच त्यांनी काढून घेतले होते. सासूबाईंचे गुडघे बोलले ते म्हातारपणाने असं धरून चालू नका. हळूहळू सरकत उभं राहणं भल्याभल्यांना दमवतं. शिवाय अनेक संग्रहालयं आठवड्यातून एक दिवस बंद असतात. तो दिवस दाराशी जाऊन कळण्यापेक्षा घरी कळलेला बरा.

बाकीची तेरा ठिकाणं? ती वाटेत येतील तशी. भटकायचं असेल तर यादी खिशात राहू द्या आणि एक रेघ ठरवा: या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी, मध्ये जे दिसेल ते. समुद्रकाठच्या शहरात हरवायला फारसं भ्यावं लागत नाही; बऱ्याच ठिकाणी रस्त्याचा उतार आणि दुपारचा वारा पाणी कुठे आहे ते सांगतात. फक्त एक हिशेब आधी करा. जुनं शहर बहुधा बंदराला चिकटून वाढलेलं असतं, आणि चांगलं बंदर म्हणजे खोल, आडोशाचं, शांत पाणी. खेळायला चांगला किनारा म्हणजे उथळ उतार आणि मोकळ्या लाटा. दोन्ही एका जागी सहसा सापडत नाहीत. म्हणूनच नकाशावर 'शहर समुद्राकाठी' दिसतं आणि प्रत्यक्षात जुन्या गल्लीपासून वाळूपर्यंत अर्धा-पाऊण तास मोडतो. तो तुमच्या दिवसाचा सांधा आहे. तिथे पायपीट करू नका, वाहन घ्या. चालायची हौस गल्ल्यांत फेडून घ्या.

या सांध्यावरच बहुतेक दिवस बिघडतात, तेही पिशवीपायी. ओली पिशवी शहरात फिरवायची नाही, एवढा एकच नियम कडक पाळा. समुद्र शेवटी असेल तर प्रश्नच मिटला. सकाळी असेल तर ओलं सामान ठेवायला स्टेशनवर लॉकर किंवा सामानघर आहे का ते आधीच बघून ठेवा. खारट पाण्यात भिजलेले कपडे वाऱ्यावर धरून वाळवण्यात अर्थ नाही, मीठ हवेतली ओल ओढत राहतं आणि कापड चिकटच राहतं. गोड्या पाण्यातून एकदा काढून मगच पिळा. लेकीला जीन्स नको. आणि पायाची वाळू ओली असताना चोळू नये. ती जागा बदलते, जात नाही. दहा मिनिटं पाय पसरून बसायचं, वाळली की कोरड्या पंच्याने झटकायची. ही दहा मिनिटं तुम्हाला हव्या असलेल्या 'काहीच न करण्या'तच जमा होतात, म्हणजे तुमचाच फायदा.

सासूबाईंना काय हवंय, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. गुडघे तेवढे आहेत. त्यांना विचारा. कदाचित त्यांना वाळूत उतरायचंच नसेल, काठावरच्या बाकावर बसून येणारी-जाणारी माणसं बघायची असतील, आणि तुम्ही दर वेळी आग्रहाने त्यांना पाण्यापर्यंत नेत असाल. मऊ कोरड्या वाळूत चालायला सपाट रस्त्याच्या दुपटीहून जास्त शक्ती लागते. 1998 सालच्या एका अभ्यासात ती 2.1 ते 2.7 पट भरली. उतरायचंच असेल तर ओहोटीची ओली, घट्ट वाळू त्यांच्यासाठी सोपी, तेवढा मधला कोरडा पट्टा हात धरून पार करायचा. घडीचा स्टूल घ्या. वाळूत खाली बसणं कठीण नाही, उठणं कठीण.

लेकीच्या पाण्यात शिरण्याबद्दल मात्र मी ताईपणा करणार आहे. भिंतीवर लाटा आपटत असताना ती आत शिरली, हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. असल्या वेळी लाट माणसाला भिंतीवरच आपटते. जिथे जीवरक्षक आहेत तिथेच पाण्यात उतरायचं. अनेक देशांत लाल-पिवळा झेंडा म्हणजे जीवरक्षकांची नजर असलेला भाग, आणि लाल म्हणजे पाण्यात नको. तरी तिथल्या फलकावर खुणांचा अर्थ एकदा वाचून घ्यावा. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मधली एक पट्टी शांत, गडद दिसतेय, अशी जागा मुलांना हमखास सुरक्षित वाटते. तिथून पाणी आत ओढत असू शकतं. कोणी त्या ओढीत सापडलंच तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजायचं नाही, त्याने दमछाक होते. तरंगत राहायचं, हात हलवून मदत मागायची, आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर यायचं. हे घरी, कोरड्या अंगाने, लेकीला दोनदा सांगून ठेवा.

आता तुमचा खरा प्रश्न. 'मला काही बघायचं नाही' म्हणणं अजिबात चूक नाही. सगळं बघून येणाऱ्यांना तिकिटाचे पैसे वसूल झाल्याचं समाधान मिळतं, न बघणाऱ्यांना दुपार मिळते. पण तुमच्या पत्रातून एक गोष्ट दिसते, रागावू नका. तुम्हाला वाळूत बसायचं असतं, आणि बाकी तिघांनीही शेजारी बसावं असंही वाटतं. यजमानांना चौदा ठिकाणं बघायची असतात, आणि तिघांनी मागून चालावं असं वाटतं. चौघांनी पूर्ण दिवस एकमेकांच्या पदराला बांधलेलं असावं, हा नियम कोणी केला? दुपारचं जेवण झालं की दोन तास मोडून द्या. यजमानांनी एकटं किंवा लेकीला घेऊन जुन्या गल्ल्यांत जावं, तुम्ही आणि सासूबाईंनी आधीच वाळूकडे सरकावं. भेटायची जागा मात्र नेमकी ठरवा. 'किनाऱ्यावर भेटू' ही जागा होत नाही, तो किलोमीटरभराचा पट्टा असू शकतो. एखादा ठळक खांब, पायऱ्या, बुरूज असं काहीतरी सांगा. ते येतील तेव्हा त्यांच्याकडे सांगायला काहीतरी असेल आणि तुम्ही ऐकायच्या मनःस्थितीत असाल. वर्षातून दोन-तीनदा चौघं बाहेर पडता आणि दिवसभर एकमेकांना धरून ओढता. त्यापेक्षा हे बरं.

परतीची वेळ सूर्यावरून धरता येते. हात समोर ताठ धरून क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये किती बोटं मावतात ते बघा, एका बोटाला साधारण पंधरा मिनिटं. (सूर्याकडे टक लावून नको, अंदाजापुरतं.) तीन बोटं उरली की लेकीला 'शेवटचं पाणी' सांगायचं, अकरा वर्षांची मुलं एका हाकेत बाहेर येत नाहीत हे धरून. गाडी सूर्यास्तानंतर किमान दीड तासाची ठेवा. सगळी माणसं एकाच वेळी उठतात, त्यामुळे रस्ताही भरतीसारखाच एकदम भरतो.

आणि शंख-शिंपले. काही किनारे संरक्षित असतात, तिथून काहीही उचलायला मनाई असते; तसा फलक असेल तर विषय संपला. नसेल तर पिशवीऐवजी मूठ ठरवून द्या, एका मुठीत मावतील तेवढेच. वीस-पंचवीस शंखांतून पाच निवडायला ती अर्धा तास एका जागी बसेल. रिकामे दिसणारे शंख शंखी खेकड्यांची घरं असू शकतात, म्हणून प्रत्येक शंख तळहातावर उलटा ठेवून, अजिबात न हलता, मिनिटभर थांबायला सांगा. आत कोणी असेल तर आधी एक पाय बाहेर येतो. मग तो शंख जिथून उचलला, तिथेच परत ठेवायचा.